शिजवायचं, सुकवायचं, फेकायचं

तुमचा प्रोजेक्ट आईने मला पाठवला. मी तो दोनदा वाचला. नकाशा सुरेख काढला आहे आणि खाडीपुलाचं चित्रही छान आहे. तिसऱ्या पानावर मात्र एक वाक्य आहे: 'माझी आजी राहायला आली तेव्हा नवी मुंबईत काहीच नव्हतं, नुसती ओसाड दलदल होती.' तुम्ही ते इंग्रजीत लिहिलं आहे, मी मराठीत उतरवते आहे. तुमच्या टीचरने प्रत्येक माहितीला दोन संदर्भ मागितले होते. ते तुम्ही शहाण्या मुलांसारखे खाली दिले आहेत. पहिला संदर्भ, आजी. दुसरा संदर्भ, आजीच्या शाळेची वेबसाइट.

प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचा आहे असं कळलं. शुक्रवारच्या आत ते वाक्य काढून टाका. का, ते समजायला तुम्हाला एका सरांविषयी वाचावं लागेल. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, आयुष्यभर मी इंग्रजीच शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण सरांचं बोलणं इंग्रजीत नेलं तर त्यातलं मीठ जातं. आई वाचून दाखवेल. तिला एकच सूचना. सरांच्या तोंडी जिथे 'न' लिहिला आहे तिथे तिने 'ण' वाचू नये. ती चूक मी पुष्कळ वर्षं केली.

आमची शाळा कोपरखैरण्याची. मी तिथे इंग्रजीची शिक्षिका होते, पुढे पर्यवेक्षिका झाले, म्हणजे वेळापत्रक, हजेऱ्या, तपासलेल्या वह्या, शिक्षकांच्या रजा, सगळं माझ्याकडे. सर भूगोल शिकवायचे. ते खाडीकाठच्या जुन्या गावातले. तुम्ही शहर म्हणता ते यायच्या आधीपासून ती गावं आहेत, आणि आज तुम्हाला ती आमच्या सेक्टरांच्या मधे कोंबल्यासारखी दिसतात. खरं तर आम्ही त्यांच्या मधे येऊन बसलो आहोत. पण हे वाक्य लिहायला मला निवृत्तीपर्यंत वेळ लागला.

सर उंचीने कमी, अंगाने भक्कम, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खांद्यावर कायम एक निळी केबल. वीसेक मीटर लांबीची, व्यवस्थित वेटोळं घातलेली. शाळेत इंटरनेटची जोडणी फक्त संगणक-खोलीत होती आणि सरांना ते प्रत्येक वर्गात हवं असायचं. मग ते खोलीतून केबल काढून व्हरांड्यातून, खिडकीतून आठवी ब पर्यंत ओढत न्यायचे. मुलं त्या केबलवरून उड्या मारत पाणी प्यायला जायची. मी दोनदा अडखळले. त्यांना सांगितलं की सर, हे धोक्याचं आहे. ते म्हणाले, "जालं टाकलंय, मॅडम. जरा बघून चाला."

मराठीत इंटरनेटला महाजाल म्हणतात. आम्हाला तो सरकारी कागदावरचा शब्द वाटायचा. सरांच्या घरी खरीखुरी जाळी होती, वडील खाडीत मासे धरायचे, त्यामुळे त्यांना त्यात नवल वाटत नसे. जाळं टाकायचं, ओढायचं, आणि मग बांधावर बसून निवडायचं. जाळ्यात कोळंबी येते, चिवणी येतात, तसे खेकडे, शेवाळ, चिखल आणि हल्ली प्लास्टिकच्या पिशव्याही येतात. निवडण्याचं काम त्यांची आई करायची. भूगोलाच्या पहिल्याच तासाला ते नव्या वर्गाला सांगायचे, "जाल्यात आलं ते सगलं म्हावरं नाय." म्हावरं म्हणजे मासळी.

त्यांच्या फळ्यावर म्हणूनच कायम तीन रकाने असत. शिजवायचं, सुकवायचं, फेकायचं. बाजारात कोळीण जशी मासळीचे वाटे लावते तसे मुलांनी इंटरनेटवर सापडलेल्या माहितीचे तीन वाटे लावायचे. खात्री पटली ते शिजवायचं, म्हणजे वहीत उतरवायचं. उघड खोटं ते फेकायचं. आणि जे खरं असेल-नसेल ते सुकवायचं, म्हणजे उन्हात ठेवायचं, रोज वळून बघायचं आणि घाई करायची नाही. आठवी ब चा फळा बघून एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, इथे पाककृती शिकवतात का? मी शरमेने लाल झाले. सर म्हणाले, "हो साहेब. कच्चं खाल्लं की पोट बिघडतं."

कुठलं काय कुठल्या वाट्यात, हे ठरवायला तीन प्रश्न होते. कोन सांगतंय? कुठं उभा राहून? आनि नाय कोन बोलतंय? म्हणजे हे कोणाचं म्हणणं आहे, त्याने ते कुठून पाहिलं, आणि ते खोटं आहे असं म्हणणारा कोण आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कोणी नाही' आलं की सर खूश होत नसत. म्हणत, कोणीच नाही म्हणत नसेल तर नीट शोधलं नाही.

मला त्यांच्या बोलण्याचा राग यायचा. लिहिताना एक वेलांटी चुकायची नाही, शुद्धलेखन असं की मराठीच्या बाई त्यांच्याकडून तपासून घ्यायच्या. पण तोंड उघडलं की पानी, लोनी, कोन. मी एकदा त्यांना बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की मुलांपुढे आदर्श हवा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा ण मुलांच्या वहीत घाला. माझ्या तोंडात नको. माझ्या आयला मी परका वाटंन." मी हे माझ्या नोंदवहीत लिहून ठेवलं होतं, उद्धटपणाचा नमुना म्हणून.

त्यांच्या सवयी सांगत बसले तर शुक्रवार उलटेल. डब्यात सुकट आणि तांदळाची भाकरी. मी मासे खाणारी, तरी स्टाफरूमची खिडकी उघडायची. पडद्यावर दाखवायला ते जुन्या रेडिओची तुटलेली एरियल वापरत, लागेल तशी लांब करत. टाइप करत एका बोटाने, पण ते बोट इतक्या झपाट्याने चालायचं की मुलं मिनिटाचे शब्द मोजायची. संगणक-खोलीची किल्ली ते कमरेच्या करगोट्याला बांधत. करगोटा म्हणजे कमरेचा काळा दोरा. खोली उघडायची झाली की शर्ट वर करून किल्ली शोधत, आणि आम्ही सगळ्या शिक्षिका भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागायचो. किल्ली शिपायाकडे ठेवा असं मी तीनदा लेखी कळवलं. त्यांनी तिन्ही कागदांवर 'वाचले' असं लिहून सही केली.

आमचं मोठं भांडण झालं ते भरतीवरून. त्या दिवशी चतुर्थी होती. भरती-ओहोटीचा धडा चालू होता आणि पडद्यावर भरतीच्या वेळा सांगणारी एक वेबसाइट उघडलेली होती. तिने दुपारची पूर्ण भरती दाखवली होती तीनला दहा मिनिटं कमी असताना. सरांच्या आईचा हिशेब वेगळा होता. खाडीकाठची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. आमच्या लहानपणी मराठी शाळांत पाऊणकीचे पाढे असत, ते पाठ असले की झालं. बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. सरांनी वर्गातून आईला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि म्हातारी झटक्यात म्हणाली, "चार पाऊन तीन." मग फोन ठेवलासुद्धा.

अर्ध्या वर्गाने वहीत तीन लिहिलं. उरलेल्या अर्ध्या वर्गाने 'पाऊणतीन' ऐकलं आणि पावणेतीन लिहिलं. पाऊणकी कोणालाच ठाऊक नव्हती. एक वेबसाइट, एक आजी, आणि त्या एका आजीच्या दोन वेळा. सरांनी मधल्या सुट्टीआधीच आठवी ब ची रांग लावली आणि सगळ्यांना खाडीवर घेऊन गेले. परवानगीचा अर्ज नाही, पालकांच्या सह्या नाहीत. मला कळलं तेव्हा वर्गात बाकांवर नुसती दप्तरं होती.

रिक्षाने मी पाठोपाठ गेले. धक्क्यावर मुलं ओळीने बसली होती. सरांनी पाण्यात बांबू रोवला होता आणि त्यावर खडूने खुणा केल्या होत्या. पावणेतीन झाले, तीन झाले, पाणी चढतच राहिलं. ते थांबलं साडेतीनला. वेबसाइटवरची वेळ मुंबई बंदराची होती आणि खाडीत इतक्या आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. म्हातारीचा हिशेबही चुकला होता, कारण तो तिच्या माहेरचा, मोऱ्याचा होता. मोरा म्हणजे उरणजवळचं बंदराचं गाव, अगदी समुद्राच्या तोंडाशी. सासरी येऊन पन्नास वर्षं झाली तरी पाढ्यात माहेरचंच पाणी चढत होतं.

मी सगळ्यांसमोर बोलले नाही. शाळेत परतल्यावर बोलले. एक मूल पाण्यात पडलं असतं तर कोणी उत्तर दिलं असतं, असं विचारलं. त्यांनी चूक कबूल केली आणि पुढच्या वेळी सह्या घेईन म्हणाले, आणि घेतल्याही. मग मी विचारलं की स्वतःच्या आईला मुलांसमोर खोटं पाडून काय मिळवलंत? ते हसले. "खोटं कुठं पाडलं? सुकत घातली. माझी आय बी जालंच हाय, मॅडम. तिच्यात बी चिखल येतो."

तुम्ही हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्या भांडणानंतर मी ठरवलं की हा कारभार आवरायला हवा. संस्थेने तेव्हा एका कंपनीकडून तयार धड्यांचं पॅकेज घ्यायचं मनावर घेतलं होतं. मोठा पांढरा पडदा, त्यावर बोट लावलं की धडा सुरू, गोड आवाजात माहिती, शेवटी पाच प्रश्न. बाहेरचं इंटरनेट बंद. सगळ्या तुकड्यांत एकाच मिनिटाला एकच धडा. तुम्हाला माहीत आहे, मला व्यवस्थेची आवड आहे. मला ते स्वप्नासारखं वाटलं. संस्थेच्या अध्यक्षांनी माझं मत मागितलं तेव्हा मी लेखी शिफारस केली. पॅकेज आलं की संगणक-खोलीची किल्ली सरांकडून काढून घ्यायची आणि त्यांना पाचवीच्या वाचनतासाला पाठवायचं, हेही त्या शिफारशीत होतं. सरांना ते कळलं. त्या आठवड्यात ते रोज एक तास जास्त घ्यायला लागले.

पॅकेज दाखवण्याचा कार्यक्रम आठवी ब मध्ये ठेवला, कारण पाहुण्यांसमोर पडदा हाताळायला तीच मुलं तरबेज होती. अध्यक्ष आले. कंपनीचा टाय लावलेला एक तरुण आला. मुख्याध्यापक आणि मी मागे उभे राहिलो, आणि सर आमच्याही मागे, दाराशी, त्या दिवशी रिकाम्या खांद्याने.

धड्याचं नाव 'आपलं शहर'. खाडीपूल, स्टेशनं, वाशीचा घाऊक बाजार, उंच इमारती. मग तो गोड आवाज म्हणाला, "काही दशकांपूर्वी इथे काहीच नव्हतं. होती ती फक्त ओसाड दलदल."

पहिल्या बाकावर एक मुलगी होती. मोऱ्याची, इथे मामाकडे राहून शिकणारी. तिने हात वर केला. अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, विचार बाळा, विचार.

"ओसाड म्हंजे?"

टायवाला म्हणाला, "म्हणजे कोणी राहत नव्हतं."

वर्गात कोणी हसलं नाही. त्या वर्गात निम्मी मुलं जुन्या गावांतली होती. त्यांच्या आजोबा-पणजोबांची भातखाचरं आणि मिठागरं होती तिथेच आम्ही सगळे उभे होतो.

"हे कोन सांगतंय?" तिने विचारलं.

तो म्हणाला की कंपनीच्या तज्ज्ञांनी सगळं तपासलेलं आहे. ती उठली. कोपऱ्यात वर्गातला जुना संगणक होता, सरांच्या केबलने अजून जोडलेला. सरांनी मुलांना एक युक्ती शिकवली होती. एखादं वाक्य कुठून आलं ते शोधायचं तर त्याच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं लावायची. ते म्हणायचे, मासा डोक्याकडून आनि शेपटीकडून धरला की सुटत नाय. तिने ते वाक्य तसं दोन्हीकडून धरलं आणि शोधलं.

उत्तर एकच आलं. आमच्याच शाळेची वेबसाइट. पान, 'आमच्या शाळेविषयी'. 'इथे काहीच नव्हतं. होती ती फक्त ओसाड दलदल. त्या दलदलीत हे ज्ञानकमळ उमललं.' कंपनीने कमळ तेवढं सोडून दिलं होतं. खाली लेखिकेचं नाव आणि हुद्दा, पर्यवेक्षिका.

शाळेच्या रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी तो लेख मी लिहिला होता. ज्ञानकमळ माझंच. सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघत होता.

ती मुलगी उद्धट नव्हती. तिला फक्त पुढचा प्रश्न माहीत होता. "बाई, तुमी कुठून बघितलेलं?"

अध्यक्ष म्हणाले की पुरे आता, वेळ होतोय. मी म्हणाले, तिला उत्तर देते. मला स्वतःला ते उत्तर ऐकायचं होतं. त्याआधी कोणी मला ते विचारलंच नव्हतं.

वाशीला दुसऱ्या मजल्यावर आमचं पहिलं घर होतं. लग्न होऊन मी तिथे आले तेव्हा रस्त्यावर दिवे नव्हते, दुकानं चार, बस तासाला एक. माहेरी पत्र लिहिलं होतं की इथे काहीसुद्धा नाही. तेच मी पुढे तुमच्या आईला सांगितलं, सोसायटीच्या प्रत्येक समारंभात सांगितलं, आणि त्या दिवसानंतरही, जिभेच्या सवयीने, व्हिडिओ कॉलवर तुम्हाला सांगितलं. आमच्या पिढीचं ते ठरलेलं वाक्य आहे. कोणालाही विचारा, प्रत्येक जण तेच सांगेल, आणि सांगताना थोडा ताठ बसेल.

पण त्या दिवशी फळ्याकडे बघताना मला पहिला आठवडा आठवला. रोज सकाळी दारात एक बाई टोपली घेऊन यायची. ताजी कोळंबी, निवट्या, कधी खेकडे. मी तिच्याशी वाट्यावरून घासाघीस करायची. खिडकीतून दूरवर पांढरे ढीग दिसायचे, ते मिठाचे असं तुमच्या आजोबांनी सांगितलं होतं. पलीकडे बांधावरून माणसं एका ओळीत चालत जायची. हे सगळं रोज दिसत होतं. मी ते मोजलं नव्हतं.

मी वर्गाला एवढंच सांगितलं, "दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून. आणि पहिल्या दिवसापासून मी इथली मासळी खात होते. ती विकणारी बाई कुठून येते, हे मी तिला कधी विचारलं नाही."

मग दाराशी उभे असलेले सर त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. आवाज अगदी साधा, रोजच्या तासाला असतो तसा.

"कुठल्या वाट्यात टाकायचं, मॅडम?"

मी पुढे गेले. खडू घेतला. तिसऱ्या रकान्यात, 'फेकायचं' याच्या खाली, माझं वाक्य माझ्या अक्षरात लिहिलं. शिकवायला लागल्यापासून इतकं हळू मी फळ्यावर कधी लिहिलं नसेल. लिहून झाल्यावर वर्गाने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, म्हणजे नेहमीचं काम केलं. ते मला टाळ्यांपेक्षा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, तुमच्यावर काही नाही. दोन ओळी लिहून द्या, बस. सरांनी मुलांना आधीच पढवून ठेवलं होतं. बाकी मी बघतो."

मी विचारलं की हे कोण सांगतंय. त्यांना वाटलं मी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं. मी म्हणाले, "मी त्या वर्गात मागे उभी होते. सर माझ्यामागे होते. त्यांनी शेवटी एक प्रश्न विचारला, तोही मला. पढवलेलं काही असेल तर ते प्रश्न विचारायला पढवलेलं आहे, आणि त्याचा त्यांना पगार मिळतो."

मग मी अहवाल लिहिला. पान भरून, तारीखवार, मुद्देसूद, मला येतो तसा. त्यात धड्यातली चूक, तिचा उगम आणि लेखिकेची जबाबदारी नोंदवली. शेवटी माझी आधीची शिफारस मी मागे घेते आहे असं लिहिलं आणि सही केली. अध्यक्षांनी चहा अर्धाच प्यायला.

तुम्हाला वाटेल यानंतर सर जिंकले. तसं झालं नाही. पॅकेजचा करार झालेला होता. ते आलं, बाहेरचं इंटरनेट बंद झालं, आणि सरांकडून किल्ली काढून घेतली. त्यांनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली, करगोट्याच्या दोऱ्याच्या तुकड्यासकट. मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणाले की मी तुमचं फार नुकसान केलं, सर.

"जालं काढून घेतलं," ते म्हणाले. "निवडायचं कसं काढून घेनार?"

आणि पाचवीच्या वाचनतासाला ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं घेऊन गेले. मग औषधांच्या जाहिराती, दुधाच्या पिशव्या, निवडणुकीची पत्रकं, सोसायटीच्या सूचना. फळ्यावर तीन रकाने. पाचवीची चिमुरडी मुलं घरी जाऊन आईवडिलांना विचारायला लागली की हे कोन सांगतंय, आणि पालकसभेत माझ्याकडे तक्रारी आल्या. मी त्या तक्रारी घेतल्या, क्रमांक घातले आणि प्रत्येकीवर 'वाचले' असं लिहून सही केली. सर निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या तासाला हात लावू दिला नाही.

राहिली वेबसाइट. तिचा पासवर्ड त्या वेळी संस्थेच्या कार्यालयाप्रमाणे माझ्याकडेही होता. फळ्यावर लिहिलं त्याच संध्याकाळी मी ते वाक्य काढून दुसरं घातलं. आठवड्याने बघितलं तर जुनं परत आलं होतं. संस्थेच्या कार्यालयाला ज्ञानकमळाची सवय झाली होती, शिवाय दलदल नसेल तर कमळ उमलणार कुठे? मी पुन्हा काढलं. पुन्हा आलं. असं तीनदा झालं. मी निवृत्त झाले त्या दिवशी कार्यालयाने पासवर्ड बदलला. पत्रं लिहिली, अर्ज केले, त्यांच्या पोचपावत्या माझ्या कपाटात फाइलमध्ये आहेत. ते वाक्य अजून तिथेच आहे, माझ्या नावासकट, आणि तुम्हाला ते तिथेच सापडलं.

म्हणजे तुमच्या टीचरने दोन संदर्भ मागितले आणि तुम्ही दोन दिले. पण ते दोन नाहीत. आजी म्हणते, आणि वेबसाइट म्हणते, आणि वेबसाइटच्या मागे परत आजीच उभी आहे, खिडकीत. एकाच माशाचे दोन वाटे लावलेत.

परवा मी सरांच्या घरी गेले होते. गावात त्यांचं आता चार मजली घर आहे, खालचे मजले भाड्याने दिलेत, आणि गच्चीवर सुकट वाळत घातलेली असते. भाडेकरू वासाची तक्रार करतात. सर म्हणतात, वाचलं. मी त्यांना तुमचा प्रोजेक्ट दाखवला. मोबाइल लांब धरून त्यांनी तिसरं पान वाचलं, संदर्भ वाचले, आणि इतके हसले की त्यांच्या सूनबाई बघायला वर आल्या. मग गंभीर झाले. म्हणाले की पोरांना रागवू नका, त्यांनी बरोबर केलं, त्यांना जे मिळालं ते त्यांनी नाव घालून लिहिलं. नाव घातलं म्हणून तर चिखल सापडला.

म्हणून रागावत नाही. पण ऐका. माझं वय झालं, आजी आहे, म्हणून माझं म्हणणं खरं होत नाही. वेबसाइटवर आहे म्हणूनही नाही. तुमच्या टीचरला हे आवडलं नाही, पान अस्ताव्यस्त दिसलं, गुण कमी झाले, तर होऊ देत. मी ते गुण तुमच्याशी वाटून घेईन.

ते वाक्य खोडून टाकू नका असंही आता मला वाटतं. सुरुवातीला काढा म्हणाले होते, ते मी मागे घेते. ते राहू द्या, त्यावर एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी. आणि समासात सरांचे तीन प्रश्न लिहा.

कोण सांगतंय? आजी.

कुठे उभी राहून? वाशीला, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत.

नाही कोण म्हणतंय? तिथेही लिहा, आजी.